घरच्या घरी गिटारबांधणी : स्वस्तातली हत्यारं आणि त्यांच्या खोड्या

ठोकळेबाज (धागाकर्ता)

गिटारबांधणीची तयार हत्यारं बाहेरून मागवली तर टपाल आणि कस्टम धरून लाकडापेक्षा हत्यारंच महाग पडतात. त्यातली बरीचशी भंगारबाजार, काचवाला आणि प्लायच्या दुकानातले कापून उरलेले तुकडे यांवर भागतात, पण सरसकट नाही. माझा हिशेब असा: जे हत्यार दाब देतं, धरून ठेवतं किंवा तापतं, ते घरी बनवावं. जे माप सांगतं ते विकत घ्यावं. म्हणजे ०.०२ मिमीचा व्हर्नियर, ६०० मिमीची स्टीलची पट्टी, गुण्या आणि फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं). इथे हात आखडता घेतला तर पुढचं सगळं वाकडं.

सपाट पृष्ठभाग मात्र माप देणारा असूनही स्वस्तात मिळतो. काचवाल्याकडून १२ मिमी जाडीच्या साध्या फ्लोट काचेचा ६०० बाय १५० मिमीचा तुकडा घ्या आणि कडा घासून घ्या. टफन्ड काच घेऊ नका. ती भट्टीत रुळांवरून जाते, त्यामुळे तिच्यावर बारीक लाटा उमटतात. तिरकं बघितलं की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब थरथरल्यासारखं दिसतं, तीच ती. काचेखाली सपाट प्लाय आणि पातळ रबरशीट हवं. नुसत्या दोन टोकांवर टेकवली तर १२ मिमीची काचसुद्धा मध्ये झोक खाते.

या काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला की फ्रेट (मानेवरच्या फिंगरबोर्ड नावाच्या पट्टीत बसवलेल्या धातूच्या आडव्या तारा) सपाट करायची दांडी घरीच तयार होते. २५ बाय २५ मिमीचा लोखंडी ब्राइट बार, लांबी ४५० मिमी, वजन साधारण सव्वादोन किलो. एका बाजूवर मार्करने फुल्या मारा आणि दांडी काचेवर लांबीच्या दिशेने घासा, दर वीस फेऱ्यांनी टोकं उलटी करा. सगळ्या फुल्या एकदम पुसट व्हायला लागल्या की झालं. फुल्या टोकांना आधी गेल्या तर दांडी मध्ये पोकळ आहे. मध्ये आधी गेल्या तर फुगीर आहे, किंवा हात दांडी झुलवतोय. बहुतेक वेळा हातच असतो. खिडक्यांचं पातळ ॲल्युमिनियम सेक्शन वापरू नका, हाताच्या दाबाने ते वाकतं आणि सोडलं की सरळ होतं, त्यामुळे तपासताना नेहमी खरं वाटतं.

दुसरी चीज म्हणजे गो-बार डेक. टॉपला (गिटारची पुढची फळी) आणि पाठीला ब्रेस (आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) चिकटवताना मधोमध क्लॅम्प पोचत नाही, त्यासाठी वरखाली दोन फळ्या आणि मध्ये वाकवून अडकवलेल्या काड्या. बाहेर फायबरग्लासच्या काड्या वापरतात, आपल्याकडे बांबूच्या कामट्या आहेत. सामान:

– ६०० बाय ६०० मिमी प्लाय, १९ मिमीचा. खाली एक, वर दोन एकावर एक चिकटवून
– १२ मिमीचे आटे पाडलेले १ मीटरचे रॉड ४, नट १६, मोठे वॉशर १६
– कामट्या ३०, रुंदी १२ मिमी, जाडी ५ मिमी

ब्रेसच्या माथ्यापासून वरच्या फळीपर्यंत ६०० मिमी अंतर ठेवा आणि कामट्या ६१२ मिमी कापा. मग प्रत्येक कामटी मध्ये साधारण ५० मिमी वाकते. सालीची बाजू बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या अंगाला. उलटी लावली तर आतला मऊ भाग ताणाखाली येतो आणि पेराजवळ तडकते. दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. घसरलेली कामटी सरळ तोंडावर येते, चष्मा लावल्याशिवाय हात घालू नका.

बाकी साचे आणि हत्यारांबद्दल ज्यांनी जे बनवलंय त्यांनी लिहावं.

वक्ररेषा

कामट्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो: जास्त वाकवली की जास्त दाब. तसं नाही. कामटी इथे खांबासारखी काम करते. एकदा वाकायला लागली की तिचा दाब जवळपास कायम राहतो, २० मिमी वाकवा नाहीतर ५० मिमी. दाब ठरतो तो लांबी आणि जाडीवर. वरच्या मापाच्या कामटीचा दाब साधारण ५ किलो. जाडी ५ ची ६ मिमी केली तर तोच ९ किलोच्या आसपास जातो, कारण जाडीचा घन लागतो. त्यामुळे कामट्या रंध्याने एकाच जाडीत आणणं हे खरं काम, लांबी मिलिमीटरभर इकडेतिकडे चालते. प्रत्येक कामटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभी धरून, दोन्ही टोकं सारखी दाबून, वाकेपर्यंत बघायची. ४ ते ६ किलोच्या बाहेरची बाजूला काढायची.

आता वरच्या फळीचं. २० कामट्या म्हणजे १०० किलो वर ढकलतायत. एकेरी प्लाय मध्ये फुगतो. गंमत अशी की फळी फुगली तरी दाब लगेच कमी होत नाही. कामटी सरळ होईपर्यंत तो तसाच राहतो आणि सरळ झाली की एकदम शून्य. सकाळी बघावं तर मधल्या चार कामट्या आडव्या आणि नेमकी तिथली ब्रेस सुटलेली. म्हणून दुहेरी प्लाय बरोबर, किंवा एकेरी प्लायवर ५० बाय ५० च्या दोन सागवानी पट्ट्या आडव्या ठोका.

नवखा_सुतार

कामट्या घरच्या बांबूच्या चालतील का? आणि पाठ गोलाकार करायला खाली जी वाटीसारखी फळी लागते ती कशी करायची? तयार फळीची किंमत बघून गप्प बसलोय.

ठोकळेबाज

बांबू जून आणि पूर्ण सुकलेला हवा. कोवळ्या बांबूची कामटी आठवडाभर दाबात राहिली की वाकडीच राहते. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सुकवा. वाटीचं वक्ररेषा सांगतील.

वक्ररेषा

सांगतो. पाठीला १५ फूट (४५७२ मिमी) आणि टॉपला २५ फूट (७६२० मिमी) त्रिज्या धरू. ६०० मिमी व्यासाच्या वाटीची मध्ये खोली अनुक्रमे ९.८५ आणि ५.९ मिमी येते. साडेचार मीटरचा कंपास कोणाकडे असणार? सुतारांची जुनी युक्ती आहे. फळीवर ६०० मिमी अंतरावर दोन खिळे ठोका. बरोबर मध्यावर, खिळ्यांच्या रेषेपासून ९.८५ मिमी वर खूण करा. ६५० मिमीच्या दोन सरळ पट्ट्या अशा कोनात जोडा की कोनाचं टोक खुणेवर आणि एकेक पट्टी एकेका खिळ्याला टेकेल. जोड पक्का करा, कोनात पेन्सिल धरा आणि दोन्ही पट्ट्या खिळ्यांना टेकत्या ठेवून सरकवा. पेन्सिल अचूक वर्तुळखंड काढते, अंदाजाने नाही.

त्या रेषेवर प्लायच्या दोन पट्ट्या कापून वरची कड खोलगट ठेवा. हे झाले रूळ. त्यांच्यामध्ये २५ मिमी एमडीएफची गोल चकती मध्यभागी खिळ्यावर फिरती बसवा आणि रुळांवर राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) छोट्या प्लायच्या पाटावर ठेवून सरकवा. एक ओळ झाली की चकती दोन-तीन अंश फिरवा, पुन्हा ओळ. एका वेळी २ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. रुळाचा सगळ्यात खालचा बिंदू चकतीच्या खिळ्याच्या नेमका वर नसेल तर मध्यभागी बेंबीसारखा उंचवटा राहतो. तो घासून घालवू नका, रूळ सरकवा. एमडीएफची धूळ वाईट, मास्क लावा.

त्यात ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला की बाजूंच्या कडाही त्याच वाटीत घासता येतात.

ओली_पट्टी

बाजू वाकवायच्या तापत्या नळीबद्दल. व्हिडिओंत सर्रास जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमध्ये गॅसची बत्ती घुसवलेली दिसते. दोन कारणांनी नको. ज्योत थेट लागते तिथे जस्ताचा मुलामा जळून धूर निघतो, तो फुफ्फुसाला वाईट. दुसरं, मुलामा गेला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि ओल्या शिसवीला तापलेलं लोखंड लागलं की निळेकाळे डाग पडतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून अक्षरशः शाई तयार होते. ऑक्झॅलिक ॲसिडने डाग निघतो, पण मुळात पाडायचा कशाला?

त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा भरीव गोल, व्यास ५० मिमी, लांबी १५० मिमी. वजन ८०० ग्रॅमच्या आत, भंगारात किलोवर मिळतो. लेथवाल्याकडून मधोमध कार्ट्रिज हीटरच्या (नळकांड्यासारखा बंद हीटर) मापाचं भोक (साधारण १२.५ मिमी) आणि बाजूला थर्मोस्टॅटच्या नळकांड्याच्या मापाचं दुसरं भोक पाडून घ्या. हीटर २३० व्होल्ट, २५० वॅट. ओव्हनमध्ये असतो तो ५० ते ३०० अंशांचा कॅपिलरी थर्मोस्टॅट. दहा-बारा मिनिटांत कामाला लागतो.

हीटर भोकात घट्ट सरकला पाहिजे. सैल असेल तर मधल्या हवेमुळे उष्णता बाहेर जात नाही आणि हीटर आतल्या आत जळतो. पोकळ पाइपात हीटर नुसता लोंबकळत ठेवणाऱ्यांचे हीटर याचमुळे टिकत नाहीत.

आणि हे विसरू नका: ओलं लाकूड, ओले हात आणि २३० व्होल्ट. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यालाच स्क्रूने अर्थची तार, तीन पिनांचा प्लग, आणि त्या सॉकेटच्या मागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच). तो नसेल तर हे हत्यार बनवू नका.

वाकवताना: शिसवीची पट्टी २ मिमीवर आणा, २.५ ला हात दुखतात आणि तडकायची शक्यता वाढते. ठोकळा १६० ते १८० अंशांवर. पट्टी तासन्‌तास भिजवू नका, फवारा पुरे; जास्त भिजलेली शिसवी आडवी लाटांसारखी होते. आधी कंबर, मग वरचा आणि खालचा फुगवटा. बाहेरच्या अंगाला ०.३ मिमी स्टेनलेसची पट्टी लाकडाबरोबर धरून दोन्ही एकत्र वाकवायची. तडकतात ते बाहेरचे ताणलेले तंतू, त्यांना ही पट्टी धरून ठेवते. जोर लावायचा नाही, लाकूड स्वतःहून सैल पडतं तो क्षण हाताला कळतो, लोणी मऊ पडावं तसा. त्याआधी दाबलं तर आवाज येतो आणि पट्टी सरपणात जाते.

नवखा_सुतार

शीशम आणि शिसवी एकच का? दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतो.

ओली_पट्टी

नाही. शिसवी म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, जगभरच्या गिटारी जिच्या पाठी-बाजूंना वापरतात ती. शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू. तोही चालतो, पण बहुतेक वेळा उभे-आडवे दोन्ही रेषे वेडेवाकडे असलेला माल मिळतो आणि वाकवताना दगा देतो. क्वार्टरसॉन (रेषे जाडीत सरळ उभे येतील अशी चिरलेली) पट्टी असेल तरच घ्या.

फ्रेटकरी

फ्रेटच्या खाचा. इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात जास्त फिंगरबोर्ड वाया जातात.

६५० मिमी स्केलसाठी (तारेची वाजणारी लांबी) नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) अंतरं: पहिला फ्रेट ३६.४८, दुसरा ७०.९२, पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८, बारावा ३२५.०० मिमी. सगळी अंतरं नटपासूनच मोजा, एका फ्रेटपासून पुढच्यापर्यंत नाही. नाहीतर चुका साठत जातात. कागदावर छापलेला टेम्प्लेट वापरत असाल तर आधी बारावा मोजा, प्रिंटरने ०.३ टक्के आकसवलं तरी तिथे मिलिमीटरभर फरक पडतो. चूक सगळीकडे सारखी भोवतही नाही. ०.२ मिमी इकडेतिकडे झालं तर पहिल्या फ्रेटला अर्ध्या सेंटहून (लगतच्या दोन फ्रेटमधल्या स्वरांतराचा शंभरावा भाग) थोडा जास्त फरक, विसाव्याला १.७ सेंट. म्हणजे वरच्या फ्रेटना जास्त जपा, आपण उलट करतो.

करवत: इंचाला २४ दातांचं हॅक्सॉ ब्लेड. त्याचे दात डावीउजवीकडे झुकवलेले असतात, म्हणून पानाची जाडी ०.६५ मिमी असूनही खाच ०.९ च्या पुढे जाते. ब्लेड काचेवरच्या पॉलिश पेपरवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी सारखं घासा, दातांचा फुगवटा पानाच्या पातळीला येईपर्यंत. मग ब्लेडच्या दोन्ही बाजूंना १२ बाय १२ चे ॲल्युमिनियम अँगल बोल्टने आवळा, दात जेवढे खोल जायला हवेत तेवढेच खाली बाहेर. अँगलमुळे ब्लेड ताठ राहतं आणि तेच खोलीचं अडसर होतं. अर्ध्या तासाचं काम.

वक्ररेषा

हॅक्सॉबद्दल मतभेद नोंदवतो. दात घासल्यावरही खाच ०.६५ ते ०.७० येते. बाजारातल्या बहुतेक फ्रेटवायरची जीभ ०.५ मिमीच्या आसपास, तिच्यावरचे काटे धरून ०.७५ ते ०.८. अशा वायरला ०.५८ ते ०.६० ची खाच हवी. ०.७० मध्ये काटे जेमतेम टेकतात, आणि उन्हाळ्यात लाकूड सुकलं की फ्रेटची टोकं उचलतात.

फ्रेटकरी

मान्य, पण उपाय आहे. पान स्वतःच पातळ करा, ०.६५ वरून ०.५८ पर्यंत, फक्त दातांच्या बाजूची ५ मिमी पट्टी. २२० नंबरवर वेळ लागतो, पण होतं. दर पाच मिनिटांनी व्हर्नियर लावा. टाकाऊ शिसवीत एक खाच पाडून फीलर गेज घाला: ०.५५ चं पान सहज गेलं आणि ०.६० चं अडकत गेलं की थांबा. ०.५५ च्या खाली गेलात तर उलटा त्रास: प्रत्येक फ्रेट बारीक पाचरेसारखा बसतो, वीस पाचरी ठोकल्यावर मान मागे वाकते आणि मानेतला ट्रस रॉड (मान सरळ करायची लोखंडी दांडी) एकाच दिशेने ओढणारा असेल तर तोही ती सरळ करू शकत नाही.

मुख्य चूक वेगळीच आहे, ती लिहायची राहिली. फिंगरबोर्ड सपाट असताना ३ मिमी खाचा पाडतात आणि मग १२ इंची गोलाई देतात. ५६ मिमी रुंदीवर १२ इंच (३०५ मिमी) त्रिज्येला मध्य आणि कडा यांत १.२८ मिमी फरक पडतो. म्हणजे कडेला खाच उरली १.७, फ्रेटची जीभ त्याहून लांब. फ्रेट मध्ये बसतो आणि टोकं हवेत. हातोडीने ठोकून काही होत नाही. एकतर सुरुवातीलाच ४.३ मिमी खोल जा (फिंगरबोर्ड ६.३ जाड असेल तर चालतं), नाहीतर गोलाईनंतर पुन्हा करवत फिरवा. क्लासिकल गिटारचा फिंगरबोर्ड सपाट असतो, तिथे हा प्रश्न नाही.

दमट

कोकण आणि गोव्यातल्या लोकांसाठी. वरची सगळी हत्यारं अचूक असली आणि ब्रेस जुलैत उघड्यावर चिकटवली तर गिटार फाटणारच. स्प्रूसचा टॉप ८० टक्के आर्द्रतेत साधारण १६ टक्के ओलावा धरतो, ४० टक्क्यांत आठाच्या आत येतो. ४०० मिमी रुंदीला तो जवळजवळ ५ मिमी आकसू पाहतो. ब्रेस आडव्या, त्या आकसत नाहीत. मग फट पडते. गोव्यात बांधलेली गिटार नागपूरच्या उन्हाळ्यात गेली की हेच.

सुकी पेटी: जुनं लोखंडी कपाट, तळाशी ४० वॅटचा फिलामेंटचा दिवा, खाली आणि वर थोडी भोकं. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३८ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ४८-४९ टक्क्यांवर येते. पाणी काढावं लागत नाही, तापवणं पुरे. एलईडी दिवा लावू नका, तो तापत नाही. दिव्यापासून लाकूड ३०० मिमी लांब, मध्ये पत्रा. लाकूड आठवडाभर आत, बाहेर काढल्यावर तासाभरात चिकटवायचं आणि जमलं तर गो-बार डेकवर प्लास्टिक झाकायचं.

आर्द्रतामापक कुठलाही स्वस्त डिजिटल घ्या, पण त्यावर आधी विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक दोन्ही घट्ट बरणीत बारा तास. आत ७५ टक्के असायला हवेत. मापक ६९ दाखवत असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून लिहा: +६.

ठोकळेबाज

हे धाग्यात आलं ते बरं झालं, मी वर लिहायला हवं होतं.

किरकोळ गोष्टी एकत्र टाकतो. टॉप-पाठ बाजूंना चिकटवायचे क्लॅम्प: १८ मिमी प्लायमधून ४० मिमीच्या होल-सॉने चकत्या काढा. पायलट ड्रिलचं भोक आयतं मिळतं. ६ मिमीचा १५० मिमी लांब बोल्ट, दोन चकत्या, आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचं रबर, एक विंग नट. एका गिटारला ३० तरी लागतात. कडेची बाइंडिंग (कडेभोवतीची बारीक पट्टी) चिकटवायला तीच ट्यूब २५ मिमी रुंदीच्या लांब पट्टीत कापून पूर्ण गिटारभोवती गुंडाळा. याहून चांगला क्लॅम्प मी विकतचाही सुचवणार नाही.

फ्रेटचा माथा गोल करायला त्रिकोणी कानस. तिन्ही कोपरे ग्राइंडरवर घासून काचेसारखे गुळगुळीत करा, नाहीतर फिंगरबोर्डवर ओरखडे पडतात. ग्राइंडरवर कानस निळी पडू देऊ नका, पाण्यात बुडवत राहा.

नवखा_सुतार

शेवटचं एक. हाडाच्या नटला तारांच्या खाचा पाडायच्या बारीक कानसांचा सेट फार महाग आहे. गॅस-कटिंगच्या नॉझल साफ करायच्या सुया चालतात असं ऐकलं.

फ्रेटकरी

चालतात. त्या गोल आणि खरखरीत असतात. पण सेटमधली मापं तारांशी जुळवलेली नसतात, म्हणून प्रत्येक सुई व्हर्नियरने मोजून वेगळी ठेवा. ०.०१० ते ०.०४६ इंचाच्या तारा म्हणजे ०.२५, ०.३३, ०.४३, ०.६६, ०.९१, १.१७ मिमी. खाच तारेपेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी रुंद. सुया लवचिक असतात, दाबलं की मध्ये वाकतात आणि खाच मध्ये उंच, दोन्ही कडांना खोल होते. पितळी नळीत सुई बसवून फक्त २० मिमी बाहेर ठेवा. पातळ तीन तारांना फीलर गेजची पानं बरी: कडेला डायमंड कानसने तिरके बारीक दात पाडा.

खाचेला हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) उतार हवा, आणि तार फिंगरबोर्डकडच्या कडेलाच टेकली पाहिजे. उतार उलटा झाला तर तार खाचेत लोळते आणि मोकळ्या तारेला सतारीच्या जवारीसारखी झणझण लागते. गिटारवर ती नको असते. तसं झालं तर नट फेकू नका. हाडाचा कीस खाचेत भरा, वर पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, दहा मिनिटांनी पुन्हा सुई चालवा.